गळीत हंगाम आणि गावचे रस्ते : अपघात रोखण्याचा मार्ग

दिवाळीच्या आगेमागे कृष्णा, पंचगंगा, नीरा, भीमा आणि गोदावरी यांच्या खोऱ्यांत साखर कारखान्यांची धुराडी पेटतात. गव्हाणीत पहिली मोळी पडते आणि पुढील चार-पाच महिने या भागातील रस्त्यांचे स्वरूपच पालटते. एरवी एखाद-दुसरी एस. टी. बस आणि काही दुचाकी यांचीच वर्दळ असलेल्या अरुंद रस्त्यांवरून दिवसरात्र उसाच्या ट्रॉल्या, मालमोटारी आणि बैलगाड्या धावू लागतात. हा हंगाम ग्रामीण महाराष्ट्राच्या समृद्धीचा आहे. परंतु ज्या घरातील कर्ता माणूस रात्री कामावरून परतताना रस्त्यावर उभ्या असलेल्या, दिवा नसलेल्या ट्रॉलीवर आदळतो, त्या घराला हा हंगाम जन्मभर वेगळ्याच कारणासाठी आठवत राहतो.

सन २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. त्यांपैकी १५,२२४ मृत्यू महाराष्ट्रातील होते. देशातील एकूण मृतांपैकी सुमारे ४५ टक्के दुचाकीवरील होते आणि सुमारे ६८ टक्के मृत्यू ग्रामीण भागात घडले. रस्ता सुरक्षा हा केवळ महानगरांचा प्रश्न नव्हे, हे या आकड्यांवरून स्पष्ट होते.

धोका नेमका कोठे आहे?

उसाच्या वाहतुकीतील धोके सर्वांच्या परिचयाचे आहेत. ट्रॉलीच्या मागील बाजूस दिवा नसतो. परावर्तक असलाच तर तो चिखलाने माखलेला किंवा लोंबणाऱ्या वाढ्यांनी झाकलेला असतो. वाहतुकीचे पैसे टनावर आणि अंतरावर मिळत असल्यामुळे अधिक माल भरण्याकडे व अधिक खेपा करण्याकडे कल असतो. सलग जागरणाने चालक थकलेला असतो. झोप येऊ नये म्हणून मोठ्या आवाजात गाणी लावली जातात आणि मागच्या वाहनाचा कर्णा त्याला ऐकू येत नाही. टायर फुटल्यास चाकाला दगडांची उटी लावून दुरुस्ती होते, ट्रॉली निघून जाते आणि दगड मात्र रस्त्यातच राहतात.

यात वेगाची भर पडली म्हणजे काय होते, हे साध्या गणिताने समजते. धोका दिसल्यानंतर प्रत्यक्ष ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद जातो असे धरले, तर कोरड्या डांबरी रस्त्यावर ताशी ४० किलोमीटर वेगाची दुचाकी थांबण्यास सुमारे २७ मीटर अंतर लागते. हाच वेग ताशी ६० किलोमीटर असेल, तर सुमारे ४८ मीटर लागतात. वेग दीडपट होताच थांबण्याचे अंतर जवळजवळ पावणेदोनपट होते. अंधारात विनादिव्याची ट्रॉली ३० मीटरवर दिसली, तर पहिला दुचाकीस्वार वाचू शकतो, दुसरा वाचणे कठीण. तीच ट्रॉली परावर्तकामुळे शंभर मीटरवरून ध्यानात आली, तर दोघेही सुखरूप घरी पोहोचतात.

शिक्षेची तीव्रता की शिक्षेची खात्री?

अशा अपघातानंतर शिक्षा अधिक कडक करण्याची मागणी होते. ती स्वाभाविक आहे. परंतु कायदा आजही सौम्य नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मध्ये २०१९ साली झालेल्या सुधारणेनुसार मद्यप्राशन करून वाहन चालविल्यास पहिल्या अपराधासाठी दहा हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. मर्यादेबाहेर भार वाहून नेल्यास वीस हजार रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे दोन हजार रुपये असा दंड आहे. ट्रॉलीसारख्या जोडवाहनांच्या मागे दोन्ही बाजूंना लाल परावर्तक असले पाहिजेत, असे केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ सांगतात. उणीव आहे ती आपण सापडू या खात्रीची.

इटालियन विचारवंत बेकारिया याने १७६४ मध्येच आपल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले होते की, गुन्ह्यास आळा बसतो तो शिक्षेच्या क्रौर्याने नव्हे, तर तिच्या अटळपणाने. याचा प्रत्यय मुंबईकरांना आला आहे. तेथे २००७ पासून वाहतूक पोलिसांनी श्वासचाचणी यंत्रे घेऊन रात्रीच्या नाकाबंदीची मोहीम हाती घेतली. त्या वेळी मद्यपी चालकांविरुद्धचा कायदा जुनाच होता. सापडण्याची शक्यता मात्र नवी होती. घरी परतताना गाडी कोणी चालवायची, याचा विचार लोक आधीच करू लागले.

वजनकाटा : खात्रीची जागा

खेड्यापाड्यांतील प्रत्येक वळणावर पोलीस उभा करणे शक्य नाही. परंतु उसाच्या वाहतुकीत एक सोय निसर्गतःच आहे. प्रत्येक वाहनाला प्रत्येक खेपेस एका ठिकाणी थांबावेच लागते, ते म्हणजे कारखान्याचा वजनकाटा. जे काम शंभर ठिकाणी अनिश्चितपणे करावयाचे, ते येथे एका ठिकाणी निश्चितपणे करता येते.

याकरिता कारखान्याने वाहतूकदाराशी होणाऱ्या करारातच अटी घालाव्यात. मागील परावर्तक व लाल दिवा सुस्थितीत असल्याखेरीज रिकामी ट्रॉली तळावरून पुन्हा फडाकडे सोडू नये. ट्रॉलीच्या बाजूंबाहेर ऊस आलेला असल्यास नोंद व्हावी आणि वारंवार तसे घडल्यास त्या वाहनाची पाळी मागे जावी. पाळी चुकणे म्हणजे खेप बुडणे, आणि ही शिक्षा त्याच दिवशी, त्याच ठिकाणी, प्रत्येकास समान मिळते. वर्षातून एखाद्या वेळी होणाऱ्या मोठ्या दंडापेक्षा तिचा वचक अधिक राहील. त्याचबरोबर तळावर चालकांसाठी विश्रांतीची जागा आणि पाण्याची सोय हवी. थकलेल्या माणसाला केवळ धाकाने जागे ठेवता येत नाही.

गतिरोधक : उपाय की नवा अपाय?

गावाजवळ अपघात झाला की दुसऱ्या दिवशी रस्त्यावर मुरमाचा किंवा सिमेंटचा उंचवटा उभा राहतो. भावना समजण्यासारखी असली, तरी रंग व फलक नसलेला असा उंचवटा रात्री दुचाकीस्वारास उलथवून टाकतो. मागे बसलेल्या स्त्रिया व मुले त्यावर पडून जखमी होतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि मध्यभागी १० सेंटिमीटर उंच असावा. ताशी सुमारे २५ किलोमीटर वेगाने तो सुखाने ओलांडता येतो. त्यावर रंगाचे पट्टे आणि सुमारे ४० मीटर अलीकडे सूचनाफलक असला पाहिजे. म्हणून ग्रामपंचायतीने स्वतः उंचवटा न घालता ठराव करून सार्वजनिक बांधकाम विभागाकडे किंवा जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे रीतसर मागणी करावी. रस्त्याच्या रचनेतील मानके न पाळल्यामुळे मृत्यू वा अपंगत्व ओढवल्यास संबंधित यंत्रणेस व ठेकेदारास एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद २०१९ च्या सुधारणेत आहे, याचेही विस्मरण होऊ नये.

ग्रामपंचायत आणि शाळा

राष्ट्रीय महामार्गावरील सुमारे ५०० मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात झाले अथवा दहा बळी गेले, तर तो टप्पा अपघातप्रवण ठरतो. गावच्या रस्त्यांसाठी एवढ्या बळींची वाट पाहणे योग्य नव्हे. ग्रामपंचायतीने एक साधी नोंदवही ठेवावी. तीत गावाच्या हद्दीतील अपघात आणि थोडक्यात टळलेले अपघात, त्यांची जागा, वेळ व कारण लिहावे. एकाच वळणाचे नाव तीन वेळा आले की उपाय आपोआप सुचतो. कोठे बांधावरची झुडपे तोडावयाची असतात, कोठे वळणालगतचा ऊस दृष्टीआड करीत असतो, कोठे शेतातून निघालेल्या चाकांचा चिखल रस्त्यावरून काढावयाचा असतो. २ ऑक्टोबरच्या सुमारास होणारी ग्रामसभा हंगामाच्या तोंडावरच येते. त्या सभेत ही वही वाचली जावी आणि तिची प्रत जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा रस्ता सुरक्षा समितीकडे पाठवावी.

शिक्षकांचे कार्य याहून मोलाचे आहे. माध्यमिक शाळेतील मुले वडिलांची मोटारसायकल घेऊन येतात आणि पालक त्याचे कौतुक करतात. अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालकास किंवा वाहनमालकास तीन वर्षांपर्यंत कारावास व पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो, वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलास वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. ही माहिती पालकसभेत शांतपणे सांगितली, तरी अनेक किल्ल्या घरातच राहतील.

अपघातानंतरची मदत

चौकशीचा ससेमिरा मागे लागेल या भीतीने लोक जखमीपासून दूर राहतात. ही भीती आता निराधार आहे. सद्भावनेने मदत करणाऱ्यास २०१९ च्या सुधारणेने संरक्षण दिले असून, त्याच्यावर नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा राज्यात २०१४ पासून उपलब्ध आहे. केंद्र शासनाच्या २०२५ च्या योजनेनुसार अपघातग्रस्तास पहिल्या सात दिवसांत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख रकमेशिवाय मिळू शकतात. ही माहिती चावडीवर, शाळेत आणि कारखान्याच्या तळावर ठळकपणे लावली पाहिजे.

बेदरकार चालकास वठणीवर आणण्याचे काम एकट्या पोलिसांचे नाही. कारखान्याने काट्यावर, अभियंत्याने रस्त्यावर, शिक्षकाने वर्गात आणि ग्रामपंचायतीने आपल्या नोंदवहीत ते केले, तर नियम मोडणाऱ्यास कोठेतरी अडविले जाईल, ही खात्री निर्माण होईल. एका लाल परावर्तकाची किंमत अल्प आहे. तो नसल्याची किंमत मात्र एखादे कुटुंब आयुष्यभर फेडीत राहते. येत्या हंगामात पहिली मोळी गव्हाणीत पडण्यापूर्वी प्रत्येक ट्रॉलीच्या मागे तो लागलेला असावा, एवढा संकल्प प्रत्येक गावाने व प्रत्येक कारखान्याने करावयास हरकत नाही.