गावाची बेरीज, पण नाव कुणाचं?

प्रश्न : धान खरेदीच्या नोंदींची मी गावनिहाय बेरीज काढतो. जुन्या मायएसक्यूएलवर चालणारी क्वेरी पोस्टग्रेसने नाकारली. चूक कुणाची?
– एक वाचक, बपेरा (ता. तुमसर, जि. भंडारा)

उत्तर : चूक क्वेरीचीच; जुनं मायएसक्यूएल ती झाकून ठेवत होतं. तुम्ही ग्रुप बाय गावावर केलं आणि सिलेक्टमध्ये शेतकऱ्याचं नावही मागितलं. बपेऱ्याच्या गटात पन्नास शेतकरी असतील, तर नाव कोणतं दाखवायचं? जुनं मायएसक्यूएल हाताला लागेल ते उचलायचं. बेरीज बरोबर, पुढचं नाव भलत्याचंच. अशी यादी चुकाऱ्यांसाठी वापरली, तर कुणाच्या तरी घामाचे पैसे अडकतात.

म्हणूनच २०१५ च्या ५.७ आवृत्तीपासून मायएसक्यूएलही मूळ सेटिंगमध्ये अशी क्वेरी अडवतं. ओरॅकल अडवतंच. एसक्यूलाइट मात्र अजून चालवून घेतं. पोस्टग्रेसमध्ये ९.१ पासून एक रास्त सवलत आहे : गट प्रायमरी कीवर असेल, तर त्याच टेबलातले बाकीचे कॉलम चालतात, कारण तिथे उत्तर एकच निघतं.

मायएसक्यूएलचं अशी क्वेरी अडवणारं सेटिंग कृपा करून बंद करू नका. शेतकरीनिहाय यादी हवी असेल, तर शेतकऱ्याचा नोंदणी क्रमांक आणि नाव दोन्ही गटात घ्या. क्रम हवा असल्यास ऑर्डर बाय लिहा, ८.० पासून मायएसक्यूएल गट आपोआप क्रमाने लावत नाही.