लाल किल्ला, गाईड आणि चांदीचं छत



सुरुवातीलाच कबूल करते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे मराठी लिहिताना ऱ्हस्व-दीर्घाची कायम मारामार. तरी हा लेख मराठी विभागालाच द्यायचा असं ठरवलं, कारण माझी फजिती झाली ती मराठीपणाच्या तोऱ्यातच. फजिती सांगते, पण आधी राजवाडा बघू या.

गेल्या वर्षी आमची सिव्हिलची बॅच आय.व्ही.ला दिल्लीला गेली होती. साइट व्हिजिट झाल्यावर एक दिवस मोकळा होता. मूळ प्रोग्राम सोमवारचा, पण सोमवारी लाल किल्ला बंद असतो हे कुणाच्या तरी लक्षात आलं आणि आम्ही मंगळवारी गेलो. सरांनी एक गाईड ठरवला. डोईमागे वीस रुपये कॉन्ट्रिब्यूशन. "गाईड कशाला, बोर्ड वाचू की," असं म्हणणाऱ्यांत मीही होते.

गाईड साठीच्या पुढचे असावेत. गळ्यात मफलर आणि ओळखपत्र, हातात एक छोटी काठी. ती काठी ते फक्त दाखवण्यासाठी वापरत.

दारातून आत

लाहोरी दरवाज्यापाशी त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "ये किला है या महल?" आम्ही एका सुरात म्हणालो, "किला!" ते हसले. खरं तर तो राजवाडाच आहे. शहाजहानने राजधानी आग्र्याहून दिल्लीला हलवायची ठरवली आणि १६३९ साली या राजवाड्याचा पाया घातला. १६४८ मध्ये तो तिथे राहायला आला. बांधकामाशी उस्ताद अहमद आणि उस्ताद हमीद ही नावं जोडलेली आहेत. सुमारे अडीच किलोमीटरचा लाल दगडी तट हे नुसतं कुंपण. आतले महाल मात्र संगमरवराचे, किंवा पांढऱ्या गुळगुळीत गिलाव्याचे. म्हणजे 'लाल' हे नाव बाहेरून बघणाऱ्याचं! बादशाहीत याला किल्ला-ए-मुबारक म्हणत.

आत शिरल्यावर छत्ता चौक लागतो. छप्पर असलेला बाजार, दोन्ही बाजूंना दुकानं. आमच्या ग्रुपमधले अर्धे तिथेच बांगड्या आणि की-चेनमध्ये अडकले. पुढे नौबतखाना. इथे शाही वाद्यं वाजत आणि राजघराण्याबाहेरच्या माणसाला इथून पुढे पायीच जावं लागे.

नौबतखान्यापलीकडे एकदम मोठं हिरवं मैदान दिसतं. मला ते छान वाटलं. गाईड म्हणाले, "ये बाग नहीं है, बेटा. ये खाली जगह है." त्या जागी चौक होता, चारही बाजूंनी कमानींच्या ओवऱ्या होत्या. १८५७ नंतर इंग्रजांनी राजवाड्याचा बहुतेक भाग पाडला आणि सैन्यासाठी बराकी बांधल्या. आपण पुण्याला शनिवारवाडा बघतो, तिथे आतलं सगळं १८२८ च्या आगीत गेलं आणि जोती उरली. इथे आग लागली नव्हती, ठरवून पाडलं. राजवाडा बघताना जे उभं आहे त्याच्याइतकंच जे नाही तेही बघावं लागतं, हे मला तिथे पहिल्यांदा समजलं. आणि हे बोर्ड वाचून समजलं नसतं.

दिवान-ए-आममध्ये बादशहाच्या बैठकीमागची भिंत बघा. काळ्या दगडात रंगीत दगड बसवून पक्षी आणि फुलं काढली आहेत, आणि वर एक माणूस प्राण्यांना वाद्य वाजवून दाखवतोय. तो ऑर्फियस, म्हणजे ग्रीक पुराणातला गायक! मोगल बादशहाच्या डोक्यावर ग्रीक देवादिकांच्या कथेतला माणूस. १८५७ नंतर यातल्या काही पाट्या एका इंग्रज अधिकाऱ्याने काढून लंडनला नेल्या. पुढे लॉर्ड कर्झनच्या काळात त्या परत आणून बसवल्या.

पाणी वर चढलं कसं?

किल्ल्याच्या पूर्वेच्या बाजूला महालांची एक रांग आहे. हमाम, दिवान-ए-खास, खास महाल, रंग महाल. या सगळ्यांच्या मधोमध संगमरवरी पाट जातो. त्याचं नाव नहर-ए-बिहिश्त, म्हणजे स्वर्गातला कालवा. आम्ही गेलो तेव्हा कोरडा होता. पाणी ईशान्येच्या कोपऱ्यातल्या शाह बुर्जातून उतरत्या संगमरवरी फरशीवरून आत यायचं आणि एकेका महालातून वाहत जायचं. रंग महालात तर कमळाच्या आकाराचं मोठं कुंड आहे.

गाईड म्हणाले, पाणी यमुनेचं. लगेच आमच्या सरांनी तिथेच व्हायवा घेतली. "नदी तटाच्या खाली, महाल उंच जोत्यावर. पंप नाही. मग पाणी वर कसं?" सगळे गप्प. सर्व्हेइंगमध्ये फर्स्ट क्लास मिळवणारेसुद्धा!

उत्तर आपल्या इरिगेशनच्या पहिल्या धड्यात आहे. पाणी किल्ल्यापाशी उचललं नव्हतं. उत्तरेकडे खूप वरच्या अंगाला, जिथे नदीचं पात्रच दिल्लीपेक्षा उंचावर आहे, तिथून कालवा काढला होता. चौदाव्या शतकात फिरोजशहा तुघलकाने काढलेला जुना कालवा शहाजहानच्या काळात दुरुस्त करून पुढे दिल्लीपर्यंत आणला. कालव्याचा उतार नदीच्या उतारापेक्षा कमी ठेवला, की जसजसं पुढे जावं तसतशी नदी खाली जाते आणि कालवा वर राहतो. दिल्लीला पोचेपर्यंत एवढा फरक पडला की पाणी आपोआप महालात शिरलं. याच कालव्याची एक शाखा चांदनी चौकाच्या मधून वाहायची. सतराव्या शतकात, डम्पी लेव्हल नसताना! मी गाईडना हे हिंदीत समजावलं, तर त्यांनी खिशातून वही काढून लिहून घेतलं. हे लक्षात ठेवा, कारण पुढे माझी लाज वाटण्याचं एक कारण हेही आहे.

चांदीचं छत

मग आलो दिवान-ए-खासपाशी. इथे मयूर सिंहासन होतं, जे १७३९ मध्ये नादिरशहाने इराणला नेलं. भिंतीवर पृथ्वीवरच्या स्वर्गाचा उल्लेख असलेला फारसी शेर कोरलेला आहे. गाईडनी काठी वर केली. "ये छत लकड़ी की है, इस पर रंग १९११ में हुआ. पहले यहाँ चाँदी थी. १७६० में मराठों ने उखाड़कर गला दी."

मला काय झालं कुणास ठाऊक. मी ओरडलेच, "अंकल, ये झूठ है! मराठे तो दिल्ली बचाने आए थे!" मागून टाळ्या पडल्या. कुणीतरी "शिवाजी महाराज की" म्हणालं आणि सगळ्यांनी जय केला. बाकीचे टुरिस्ट वळून बघायला लागले. मला, खरं सांगते, खूप भारी वाटलं.

गाईड शांतपणे थांबले. टाळ्या संपल्यावर एवढंच म्हणाले, "बेटा, पढ़ लेना. मैं गलत निकलूँ तो आकर बता देना." आणि पुढे चालायला लागले. त्यानंतर त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. सरांनी मला काही म्हटलं नाही, फक्त माझ्याकडे बघितलं.

लायब्ररीतले तीन रविवार

हॉस्टेलवर आल्यावर रूममेटशी पैज लागली. गाईड खोटा ठरला तर तिने महिनाभर माझी बादली भरायची, मी खोटी ठरले तर मी तिची. लायब्ररीत मराठी पुस्तकांचं एकच कपाट आहे, ते सहसा कुणी उघडत नाही. त्यात सरदेसायांची मराठी रियासत होती आणि शेजवलकरांचं पानिपतावरचं पुस्तक. माझा मराठी वाचायचा स्पीड बैलगाडीचा, त्यामुळे तीन रविवार गेले.

गाईड बरोबर होते.

ऑगस्ट १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी दिल्ली घेतली आणि दिवान-ए-खासच्या छताची चांदी काढून तिची नाणी पाडली. का, हेही वाचलं. पावसाळा होता, यमुनेला पूर, पलीकडे अब्दाली. बरोबर प्रचंड फौज आणि तिच्यामागे बाजारबुणगे, यात्रेकरू, बायकामुलं. पैशाची कायम ओढाताण. दिल्लीचा खजिना आधीच्या लुटालुटींनी रिकामा झालेला. सैन्याचा पगार भागवायचा तर समोर दिसत होती ती छताची चांदी. पुढे १४ जानेवारी १७६१ ला काय झालं ते आपल्या भाषेतच आहे. आपण पेपर अवघड गेला तरी "पानिपत झालं" म्हणतो.

म्हणजे मराठे दिल्लीला अब्दालीविरुद्ध आले होते हे खरं, आणि छत त्यांनीच काढलं हेही खरं. मला शाळेपासून वाटायचं की यातलं एकच खरं असू शकतं.

पण पुस्तक तिथेच मिटलं नाही. पुढची पानं वाचली. १७७२ मध्ये शाह आलम बादशहाला मराठ्यांनीच दिल्लीला परत आणून बसवलं. १७८८ मध्ये गुलाम कादिर नावाच्या रोहिल्याने त्याच राजवाड्यात शाह आलमचे डोळे काढले, राजघराण्यातल्या बायकामुलांचे हाल केले. तेव्हा महादजी शिंद्यांच्या फौजेने किल्ला सोडवला, गुलाम कादिरला पकडलं आणि आंधळ्या बादशहाला परत गादीवर बसवलं. १८०३ मध्ये इंग्रजांनी दिल्ली घेईपर्यंत तिथे शिंद्यांचाच अंमल होता. हे मात्र गाईडनी सांगितलं नव्हतं. मी ओरडले नसते आणि नीट विचारलं असतं, तर कदाचित सांगितलंही असतं.

आणखी एक. गाईड म्हणाले होते की १५ ऑगस्ट १९४७ ला नेहरूंनी लाल किल्ल्यावर झेंडा फडकवला. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. प्रत्यक्षात ती तारीख १६ ऑगस्ट आहे! म्हणजे जिथे ते चुकले तिथे आम्ही मान डोलावली, आणि जिथे ते बरोबर होते तिथे आरडाओरडा केला.

बराकींमधलं म्युझियम

त्या दिवशी दिवान-ए-खासनंतर आम्ही बराकींकडे वळलो. मघाशी ज्या बराकींना आम्ही नावं ठेवली, त्यातच २०१९ मध्ये म्युझियम सुरू झाली. १८५७ चं एक, जालियनवाला बागेचं एक, नेताजी आणि आझाद हिंद सेनेचं एक. नेताजींची लाकडी खुर्ची आणि तलवार बघायला सगळ्यात जास्त गर्दी होती.

याच आवारात नोव्हेंबर १९४५ मध्ये शाहनवाज खान, प्रेम सहगल आणि गुरबक्षसिंग धिल्लन यांच्यावर खटला चालला. भुलाभाई देसाईंनी त्यांची बाजू मांडली. शिक्षा जन्मठेपेची झाली, पण देशभर एवढा क्षोभ होता की जानेवारी १९४६ मध्ये ती माफ करावी लागली. त्याच्या ८७ वर्षं आधी, १८५८ मध्ये, शेवटचा बादशहा बहादूरशहा जफर याच्यावर त्याच्याच दिवान-ए-खासमध्ये खटला चालवून त्याला रंगूनला पाठवलं होतं. तो तिथेच १८६२ मध्ये वारला. पुढे इंग्रजांनी ब्रह्मदेशचा राजा थिबा याला आणून ठेवलं ते आपल्या रत्नागिरीत. आमच्या ग्रुपमधल्या रत्नागिरीच्या मुलाने हे सांगितलं, तेव्हा गाईडनी पुन्हा वही काढली. माझ्याकडे मात्र बघितलं नाही.

तुम्ही जाल तेव्हा

यातून मी जे शिकले ते थोडक्यात देते.

१. गाईड घ्या. बोर्डावर जे आहे ते लिहिलेलं असतं, जे पाडलं गेलं ते माणूसच दाखवतो.

२. आपल्या ब्रँचचा एक तरी प्रश्न घेऊन जा. पाणी कुठून येत होतं, हमाम कसा तापत होता, एवढा तट कशावर उभा आहे. मग नुसते फोटो काढून पाय दुखत नाहीत.

३. वहीत दोन रकाने करा. एकात 'बघितलं', दुसऱ्यात 'ऐकलं'. दुसरा रकाना परत आल्यावर तपासायचा असतो.

४. एखादी गोष्ट ऐकून आनंद झाला किंवा राग आला, तर तीच सगळ्यात आधी तपासा. आवडलेलं आपण तपासत नाही आणि न आवडलेलं ऐकत नाही.

५. पटलं नाही तर "हे कुठे वाचायला मिळेल?" असं विचारा. "झूठ है" म्हणू नका. तो माणूस पोटासाठी रोज उन्हात उभा असतो, आणि आपण वीस रुपये दिलेले असतात.

महिनाभर मी रूममेटची बादली भरली. तिने वीस दिवसांनी माफ केलं होतं, पण पैज ती पैज.

या वर्षी ज्युनिअर बॅच दिल्लीला चालली आहे. त्यांच्याजवळ मी एक चिठ्ठी देणार आहे. गाईडचं नाव विचारायचंसुद्धा आम्हाला सुचलं नाही, त्यामुळे मफलर, छोटी काठी आणि खिशातली वही एवढीच खूण सांगता येते. ते म्हणाले होते, मी चुकलो तर येऊन सांग. चुकले मी, म्हणून मीच कळवते आहे. चिठ्ठी हिंदीत लिहिली आहे. आत १७८८ ची हकीकत आहे, १६ ऑगस्टची तारीख आहे आणि शेवटी 'सॉरी' आहे. भेटले तर त्यांना नक्की द्या, आणि त्यांनी त्या वहीत काही लिहून घेतलं का, ते मला येऊन सांगा.