मैत्री आणि उपेक्खा : एक अभ्यास



‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दहा पारमितांचे विवेचन केले आहे. त्यांच्या मांडणीप्रमाणे करुणा मानवापुरती आहे. मैत्री सर्व प्राणिमात्रांना कवेत घेते. ही मैत्री आचरणात कशी उतरते, हे समजण्यासाठी आपण दक्षिण आफ्रिकेतील एक उदाहरण पाहू.

तेथे बबून जातीच्या माकडाला उपद्रवी प्राणी म्हणून हिणवले गेले. गोळी, विष किंवा भरधाव वाहन यांना माद्या बळी पडतात व पिल्ले पोरकी होतात. जर्मनीत जन्मलेल्या रिटा मिल्यो यांनी १९८९ साली फालाबोर्वा गावाजवळ, ओलिफंट्स नदीकाठी, अशा पिल्लांसाठी आश्रयस्थान उभारले. तेथे देशोदेशींचे स्वयंसेवक आले. पिंजरे धुणे, फळे चिरणे, बाटलीने दूध पाजणे ही त्यांची कामे. पोरके पिल्लू रात्री स्वयंसेवकाला बिलगूनच झोपते.

परंतु खरी परीक्षा पुढेच असते. बबून कळपात राहणारा प्राणी आहे. कळपातील थोरांपुढे कसे वागावे, हे माणूस त्याला शिकवू शकत नाही. म्हणून पिल्लू सावरले की त्याला इतर बबूनांच्या हवाली करावे लागते. ते ओरडले तरी स्वयंसेवकाने मागे सरायचे असते. त्या वेळी त्याला उचलून घेतल्याने आपले मन शांत होईल. पिल्लाचे हित साधणार नाही.

येथे उपेक्खेचा अर्थ उमगतो. व्यवहारात उपेक्षा म्हणजे हेळसांड. तिचे चटके आपल्या समाजाने पिढ्यानपिढ्या सोसले आहेत. पारमितेतील उपेक्खा निराळी आहे. यशापयशाने विचलित न होता प्रयत्न चालू ठेवणे, ही ती उपेक्खा. २०१२ साली रिटा मिल्यो आगीत मृत्यू पावल्या. त्यांचे कार्य मात्र थांबले नाही.

आपल्या संस्थेनेही हा धडा घ्यावा, असे आम्हांस वाटते. मदत घेतलेला विद्यार्थी जन्मभर आपला ऋणी राहावा, ही इच्छा म्हणजे आसक्तीच होय. तो स्वतःच्या पायांवर उभा राहिला आणि त्याला आपली गरज उरली नाही, म्हणजे आपली मैत्री सफल झाली.

भवतु सब्ब मंगलं!