अ‍ॅनी मूरचं नाव

आयर्लंड हे युरोपातलं एक बेट. तिथल्या गरिबाचं पोट बटाट्यावर. १८४५ साली बटाट्यावर रोग पडला. पिकं शेतातच कुजली. थोड्याच वर्षांत सुमारे १० लाख माणसं मेली, आणि तितकीच देश सोडून गेली.

पुढंही लोक जातच राहिले. पुष्कळ तरण्या पोरी तर एकट्याच बोटीत बसल्या. अमेरिकेत त्या परक्या घरी धुणी-भांडी करीत, स्वयंपाक करीत. पगारातून पैसे साठवून घरी पाठवीत. त्यातून जमिनीचा खंड भागे, धाकट्या बहिणीचं तिकीट निघे. सोबत पत्रही असे. शाळेत शिकलेली अक्षरं अशी कामाला आली.

अ‍ॅनी मूरचे आईबाप आधीच न्यूयॉर्कला गेले होते. दोन धाकट्या भावांना घेऊन ती निघाली. १ जानेवारी १८९२ ला एलिस बेटावर येणाऱ्यांसाठी नवं ठाणं उघडलं. तिथं पहिली नोंद तिची! साहेबानं तिला १० डॉलरचं सोन्याचं नाणं दिलं.

पुढं काय? लग्न, मुलंबाळं, गरिबी. १९२४ साली ती वारली. थडग्यावर नावसुद्धा नव्हतं. आणि लोक भलत्याच अ‍ॅनीला ही अ‍ॅनी समजत होते! २००६ साली जुने कागद तपासले, तेव्हा खरी सापडली. २००८ साली तिच्या नावाचा दगड बसला.

१ फेब्रुवारी हा तिकडं संत ब्रिजिडबाईचा दिवस. परदेशातले आयरिश लोकही तेव्हा जमतात. लांबचे फोनच्या पडद्यावर भेटतात. आजीचं नाव, तिचं गाव, तिची बोट. ज्याला जे ठाऊक, ते तो सांगतो.