पांढरे कोड

आपल्या कातडीत मेलॅनिन नावाचा रंग असतो. तो तयार करणाऱ्या बारीक बारीक पेशी असतात. कधी कधी आपल्या अंगातली रोगाशी लढणारी शक्ती चुकून या पेशींनाच मारते. मग तिथे रंग तयार होत नाही व पांढरा डाग पडतो. याला कोड फुटले असे म्हणतात. डागावरचे केससुद्धा पांढरे होतात.

माझ्या आत्याच्या हातांवर व ओठांजवळ कोड आहे. डाग दुखत नाहीत. फक्त उन्हात खुरपायला गेली की ते लाल होतात, म्हणून ती लांब बाह्या घालते.

कोड लागत नाही. माझी आजी रोज आत्याशेजारी झोपते, तिला एकही डाग नाही. काही लोक म्हणतात, दूध आणि मासे एकत्र खाल्ले की कोड होते. तेही खोटे. आमच्या घरी मासे शिजतच नाहीत!

पूर्वी कोडाला श्वेतकुष्ठ म्हणत. त्यामुळे लोकांना तो महारोग वाटतो. महारोग जंतूंमुळे होतो, त्याच्या चट्ट्यावर स्पर्श कळत नाही. तोसुद्धा औषधाने बरा होतो. आत्याच्या डागाला मी तिला विचारून चिमटा काढला, तर ती केवढ्याने ओरडली.

आत्याला दोन स्थळे सांगून आली होती. दुसरी मंडळी तिच्या हातचा चहा न पिताच उठली. आत्या त्या दिवशी जेवली नाही.

मग बाबा तिला पुण्याला कातडीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. मलम असते, खास दिव्याचा प्रकाश देतात, पण वेळ फार लागतो. काहींचा रंग परत येतो, काहींचा येत नाही. पुण्यात डॉ. माया तुळपुळे आहेत. त्यांना स्वतःला कोड आहे. त्यांनी अशा लोकांसाठी श्वेता असोसिएशन ही संस्था काढली. कोड असलेल्या एका डॉक्टर मुलीवर २००६ साली 'नितळ' हा मराठी सिनेमा निघाला. तो सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी केला.

पालकसभेला आमच्या घरून आत्याच येणार आहे. ज्यांना काही विचारायचे असेल त्यांनी तिलाच विचारा. ती रागावत नाही. येताना ती शेंगदाण्याचे लाडू आणणार आहे.

— इयत्ता ४ थी