घड्याळाला स्वतःचं सिम हवं का?

मागच्या डिसेंबरात आमचा ग्रुप वेरूळला गेला होता. 12 नंबरचं लेणं, म्हणजे तीन ताल, बघून सगळे कैलासकडे पळाले. एक मैत्रीण मागे राहिली आणि जिना उतरताना तिचा पाय मुरगळला. फोन बसमध्ये चार्जिंगला लावलेला. मनगटावर मात्र नवंकोरं 'कॉलिंग' घड्याळ! तिने आमचा नंबर लावला, तर घड्याळ म्हणालं, फोन जोडलेला नाही. अर्ध्या तासाने आम्हाला तिची आठवण झाली, तेव्हा ती जिन्यावरच बसून होती.

परतताना बसमध्ये वाद रंगला. घड्याळात स्वतःचं सिम असतं तर हे झालं नसतं, असं निम्म्या लोकांचं मत. बाकीचे म्हणाले, फालतू खर्च! मित्रांनो, हा लेख त्या वादातूनच निघाला आहे.

'कॉलिंग' म्हणजे नक्की काय?

आपल्या हॉस्टेलमधली बहुतेक घड्याळं ब्लूटूथ कॉलिंगची आहेत. त्यांच्यात फक्त माइक आणि स्पीकर असतो, कॉल खिशातला फोनच करतो. मोकळ्या जागेत साधारण 10 मीटर, मध्ये भिंत आली की त्याहून कमी, एवढीच त्यांची धाव. डब्यावरचं 'कॉलिंग' वाचून अनेकजण इथेच फसतात.

काही महाग घड्याळं वाय-फायवरूनही फोनशी बोलतात. पण ज्या वाय-फायला लॉगिनचं पान येतं, त्याला घड्याळ बहुधा जोडता येत नाही. हॉस्टेलवाल्यांनी हे लक्षात ठेवावं.

तिसरा प्रकार सेल्युलर. यात ई-सिम असतं, म्हणजे सर्किटवरच बसवलेली छोटी चिप. भारतात मे 2018 मध्ये ॲपल वॉच सिरीज 3 चं सेल्युलर मॉडेल एअरटेल आणि जिओवर आलं, तेव्हापासून हा प्रकार आपल्याकडे माहीत झाला. नंबर फोनचाच चालतो, पण त्यासाठी फोन आणि घड्याळ एकाच कंपनीच्या नेटवर्कवर लागतात.

थोडं गणित

तरंगलांबी म्हणजे प्रकाशाचा वेग भागिले वारंवारता, हे आपण फर्स्ट इयरलाच शिकलो. साध्या अँटेनाची सोयीची लांबी तरंगलांबीच्या पाव भाग.

ब्लूटूथची वारंवारता 2.4 गिगाहर्ट्झ. तरंगलांबी 12.5 सेंमी, पाव भाग सुमारे 3 सेंमी. घड्याळात आरामात बसतो.

आता 4जी चा 850 मेगाहर्ट्झचा बँड घ्या. कमी वारंवारतेच्या लहरी लांब पोचतात, म्हणून गावाकडे असे बँड उपयोगी पडतात. तरंगलांबी 35 सेंमी, पाव भाग जवळजवळ 9 सेंमी. घड्याळाची तबकडी 4 ते साडेचार सेंमी! अँटेना वाकवून, दुमडून बसवावा लागतो आणि त्याची कार्यक्षमता घटते. शिवाय मनगटातलं पाणी आणि मांस लहरी शोषून घेतं ते वेगळंच.

पॉवरचंही तसंच. घड्याळाच्या ब्लूटूथला सहसा काही मिलिवॅट पुरतात. 4जी ला टॉवर लांब असेल तर 200 मिलिवॅटपर्यंत पॉवर सोडावी लागते. फोनची बॅटरी 5000 एमएएचच्या आसपास, घड्याळाची काहीशेच. सिरीज 3 साठी ॲपलनेच दिलेला आकडा बघा: फोन जवळ असताना 3 तास बोलणं, फक्त 4जी वर 1 तास.

पुन्हा वेरूळ

मग सिम असतं तर मैत्रिणीचा कॉल लागला असता का? वेरूळची लेणी डोंगराच्या बेसॉल्टमध्ये कोरलेली आहेत. तीन बाजूंना आणि डोक्यावर अखंड दगड, लहरींना वाट फक्त समोरच्या तोंडातून. आमच्या फोनलाही पुढच्या ओसरीत दोन कांड्या होत्या, मागच्या भिंतीकडे गेलं की गायब. कैलास वरून खाली कोरलेला, त्यामुळे त्याच्या अंगणात आकाश उघडं आहे आणि तिथे रेंज होती. जिथे फोनच धडपडतो तिथे छोट्या अँटेनाचं घड्याळ काय करणार? ओसरीपर्यंत लंगडत आली असती तर कदाचित लागला असता. पण खिशात फोन असता तर ओसरीत नक्कीच जास्त भरवसा होता.

मग हवं कोणाला?

मला वाटतं, प्रश्न एकच विचारावा: मी रोज फोनपासून लांब असतो का, आणि तेव्हा मी एकटा असतो का?

पोलीस भरतीसाठी पहाटे रस्त्यावर धावणारा मुलगा, घरात फोन कुठेतरी ठेवून वावरणाऱ्या आणि एकट्या राहणाऱ्या आजी, यांच्यासाठी ते उपयोगी आहे. आजी पडल्या तर फोन दुसऱ्या खोलीत असतो, घड्याळ मात्र हातातच असतं. पण ते रोज चार्ज करावं लागतं, हे आजींना जमेल का ते आधी बघा. आणि रात्री मोटार चालू करायला शेतात जाणाऱ्या आजोबांना मी तरी सेल्युलर घड्याळ सुचवणार नाही. चार-पाच दिवस चार्जिंग टिकणारा, मोठ्या बटणांचा साधा फोन आणि चांगली बॅटरी दिली तर जास्त बरं.

आणि आपण हॉस्टेलवाले? फोन आपल्या हातातून सुटतच नाही! काही हजार जास्त देऊन वर रिचार्जचा विचार करायचा, तेही घरून आलेल्या पैशांतून. गरज नाही.

मैत्रिणीचा पाय दोन आठवड्यांत बरा झाला. आता ट्रिपला आमचे दोन नियम आहेत. फोन बसमध्ये ठेवायचा नाही, आणि लेण्यातून बाहेर पडताना डोकी मोजायची. दुसऱ्या नियमाला रेंज लागत नाही.