रिवासची मशाल

उत्तर आणि दक्षिण अमेरिका या दोन खंडांना एक चिंचोळी भूमी जोडते. तिला मध्य अमेरिका म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तेथे ग्वाटेमाला, एल साल्वाडोर, होंडुरास, निकाराग्वा आणि कोस्टा रिका अशी पाच लहान राष्ट्रे शेजारी शेजारी नांदत होती.

इ. स. १८५४ मध्ये निकाराग्वात दोन पक्षांमध्ये यादवी पेटली. स्वबळावर जय मिळत नाही असे पाहून एका पक्षाने परदेशातून भाडोत्री सैनिक बोलावले. विल्यम वॉकर नावाचा महत्त्वाकांक्षी अमेरिकन १८५५ च्या जूनमध्ये सुमारे साठ हत्यारबंद माणसे घेऊन उतरला. वेतन आणि जमीन यांच्या आशेने आलेल्या त्या माणसांना त्या देशाविषयी ममता कोठून असणार? त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात वॉकरने अकस्मात छापा घालून ग्रानादा शहर घेतले. अध्यक्षाच्या आसनावर निकाराग्वाचा माणूस बसला. परंतु सैन्य वॉकरच्या मुठीत होते आणि म्हणून राज्यही त्याच्याच मुठीत गेले. घरच्या भांडणात साहाय्यास बोलावलेला परका घरधनी होऊन बसला!

वॉकरची तृष्णा तेवढ्याने शमली नाही. पाचही राष्ट्रांवर सत्ता गाजवावी, हे त्याचे स्वप्न होते. त्याच्या सैन्याच्या एका निशाणावर 'पाच किंवा एकही नाही' अशा अर्थाचे शब्द होते.

दक्षिणेकडील कोस्टा रिकाचे अध्यक्ष हुआन राफाएल मोरा यांनी हे संकट वेळीच ओळखले. शेजाऱ्याच्या घराला लागलेली आग आपल्या आढ्यापर्यंत पोहोचण्यास वेळ लागत नाही, हे ते जाणून होते. मार्च १८५६ मध्ये त्यांनी प्रजेला शस्त्र धरण्याचे आवाहन केले. शेतकरी, मजूर, कारागीर सैन्यात दाखल झाले. वॉकरची एक तुकडी सीमा ओलांडून कोस्टा रिकात घुसली होती. २० मार्च रोजी सांता रोसा येथे या शेतकरी सैनिकांनी तिचा अवघ्या पाव तासाच्या आसपास धुव्वा उडवला आणि मग ते निकाराग्वातील रिवास गावी जाऊन पोहोचले.

११ एप्रिलच्या सकाळी वॉकरने रिवासवर अचानक हल्ला चढवला. त्याचे लोक एका मोठ्या वाड्यात शिरले आणि तेथून गोळ्यांचा वर्षाव करू लागले. वाडा पेटवून दिल्यावाचून शत्रू बाहेर पडणार नव्हता. पण त्या माऱ्यात पुढे जाणे म्हणजे मृत्यूला मिठी मारणेच होते. तेव्हा सैन्यात ढोल वाजवणारा हुआन सांतामारिया पुढे झाला. आलाहुएला गावच्या एका गरीब बाईचा तो मुलगा. आपल्यामागे आईचा सांभाळ व्हावा, एवढेच त्याने मागितले, असे परंपरा सांगते. हाती पेटती मशाल घेऊन तो धावला. वाड्याने पेट घेतला. हुआन मात्र गोळ्या लागून धारातीर्थी पडला.

युद्ध तेथेच संपले नाही. परतणाऱ्या सैनिकांबरोबर पटकीची साथ कोस्टा रिकात शिरली आणि तिने सुमारे १०,००० माणसांचा बळी घेतला. इकडे वॉकर १८५६ च्या जुलैत स्वतःच अध्यक्ष बनला आणि पूर्वी रद्द झालेली गुलामगिरी त्याने पुन्हा सुरू केली. तेव्हा मात्र निकाराग्वातील भांडणारे पक्षही एक झाले. शेजारी राष्ट्रांच्या सैन्यांनी मिळून त्याची कोंडी केली. १ मे १८५७ रोजी वॉकर शरण आला. आपल्या देशी गेल्यावरही त्याची हाव सुटली नाही. पुन्हा चढाई करण्यास निघालेल्या वॉकरला १२ सप्टेंबर १८६० रोजी होंडुरासमध्ये गोळ्या घालून देहदंड देण्यात आला.

कोस्टा रिकात ११ एप्रिल हा दिवस हुआनच्या स्मरणार्थ पाळला जातो. विशेष हे की, त्याच देशाने १९४८ मध्ये आपले खडे सैन्य कायमचे मोडून टाकले. दुसऱ्याच्या भूमीचा लोभ नसावा आणि स्वतःच्या भूमीवर प्रसंग आला तर प्रत्येकाने उभे राहावे, हीच रिवासच्या मशालीची शिकवण होय.

स्वाध्याय
१. निकाराग्वातील एका पक्षाने कोणती चूक केली? तिचा परिणाम काय झाला?
२. मोरा यांना शेजारच्या देशातील संकट आपले का वाटले?
३. भाडोत्री सैनिक आणि हुआन यांच्या लढण्यात कोणता फरक होता, ते लिहा.